किती, कुठं आणि किती वेळ

औंधात माझा भौतिकोपचाराचा दवाखाना आहे. हे पुण्यातलं औंध नव्हे. साताऱ्याच्या खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याचं, एके काळी पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची राजधानी असलेलं हे औंध. माझ्याकडे येणाऱ्यांत बटाटा काढून कंबर धरलेल्या बाया असतात, साखरेच्या आजारामुळे खांदा आखडलेले शिक्षक असतात, गुडघ्यांनी जेरीस आलेली म्हातारी माणसं असतात. परराज्यात गलाईच्या भट्टीपुढे वर्षानुवर्षं उकिडवं बसून पाठ मोडलेली माणसंही असतात, कारण खटाव, आटपाडी, विट्याच्या या दुष्काळी पट्ट्यातली कित्येक घरं सोन्याचांदीच्या गलाईवर उभी राहिली आहेत. बहुतेकांना हवा असतो शेक.

हा शेक शॉर्टवेव्ह डायथर्मी नावाच्या यंत्रातून मिळतो. त्यात कुठे तार लाल होत नाही की पाणी तापत नाही. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना पॅड लावायचे, पॅड आणि कातडी यांच्यामध्ये कोरड्या टॉवेलच्या घड्या ठेवायच्या आणि बटण फिरवायचं. थोड्याच वेळात गुडघ्याच्या आतून ऊब येऊ लागते. या यंत्राची वारंवारता 27.12 मेगाहर्ट्‌झ असते. म्हणजे दर सेकंदाला सुमारे 2 कोटी 71 लाख वेळा विद्युतक्षेत्र उलटून पुन्हा सुलटं होतं आणि पेशींच्या आतबाहेरच्या द्रवातले क्षारांचे आयन त्याच्यामागे हेलकावत राहतात. त्या घासाघासीतून उष्णता तयार होते. यंत्र चालू आहे का, हे पाहायला ट्यूबलाइटची नळी पॅडजवळ धरतात. कसलीही तार न जोडता ती हातातल्या हातात उजळते. शाळेतली मुलं दवाखान्यात आली की मी त्यांना हे मुद्दाम दाखवते. जे डोळ्यांना दिसत नाही तेही मोजता येतं, तपासता येतं, हे त्यांना लहानपणीच कळावं असं मला मनापासून वाटतं.

मी शिकले मुंबईत. तिथल्या रुग्णालयात तेव्हा मायक्रोवेव्ह डायथर्मीचंही यंत्र होतं. त्याची वारंवारता 2450 मेगाहर्ट्‌झ, म्हणजे घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचीच. त्या यंत्राला पॅड नसत. गोल पत्र्याच्या टोपीसारखा एक डिरेक्टर दुखऱ्या भागासमोर काही सेंटीमीटरवर धरायचा. आतल्या मॅग्नेट्रॉनमधून निघालेली सुमारे 12 सेंटीमीटर लांबीची लहर स्नायूत दीड-दोन सेंटीमीटरपर्यंत शिरायची आणि तिथल्या पाण्याला ऊर्जा द्यायची. पाण्याच्या रेणूची एक बाजू धन, दुसरी ऋण. सेकंदाला 245 कोटी वेळा बदलणाऱ्या क्षेत्राबरोबर वळताना त्याची आजूबाजूच्या रेणूंशी झटापट होते आणि स्नायू तापतो. चरबीत पाणी कमी, म्हणून ती कमी तापते.

हा मॅग्नेट्रॉन युद्धातून आला. 1940 साली बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या रँडल आणि बूट या भौतिकशास्त्रज्ञांनी त्याचं प्रभावी रूप रडारसाठी तयार केलं. युद्ध संपल्यावर तो स्वयंपाकघरात गेला आणि दवाखान्यातही आला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये 1947 च्या सुमारास मायक्रोवेव्हच्या शेकाचा अभ्यास झाला. लगेच 1948 मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं, की ही लहर डोळ्यावर जोरात पडली तर डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, मोतीबिंदू होतो. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं आणि त्याचं कारणही सांगितलं होतं. भिंगात रक्तवाहिन्या नसतात. इतर ठिकाणी तापलेल्या मांसातून वाहणारं रक्त उष्णता उचलून नेतं. भिंगातली उष्णता नेणारं कुणी नाही. पुरुषाच्या अंडकोशालाही उष्णता बाधते. तो अवयव शरीराच्या इतर भागापेक्षा थंड राहिला तरच शुक्रजंतू नीट तयार होतात. म्हणून लहर किती आहे एवढं पाहून भागत नाही. ती कुठे पडते आणि तिथून उष्णता वाहून जाते का, हेही पाहावं लागतं. माझ्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया या एका धड्यावर आहे.

पेशीचं काय होतं, हे तापमानाच्या पायऱ्यांनी सांगता येतं. शरीराचं नेहमीचं तापमान 37 अंश. ऊती 40 अंशांच्या आसपास गेली की रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त येतं, आखडलेला स्नायू सैल पडतो, सांध्याभोवतीचे तंतू ताणायला सोपे जातात. आम्हाला हवं असतं ते इथपर्यंतच. आणखी दोन-तीन अंश वर गेलं की पेशीतल्या प्रथिनांच्या घड्या उलगडू लागतात. पेशी स्वतःच्या बचावासाठी वेगळी प्रथिनं तयार करते आणि मोडत चाललेल्या प्रथिनांना सावरू पाहते. 43 अंशांवर तासभर राहिलं तर पुष्कळ पेशी हार मानतात. त्यानंतर प्रत्येक वाढत्या अंशाला ही मुदत साधारण निम्मी होत जाते. 60 अंशांच्या वर तर प्रथिनं काही क्षणांतच गोठतात आणि पेशी तिथल्या तिथे मरते. 40 आणि 45 अंशांत आकड्यांचं अंतर एवढंसं दिसतं, पण एकीकडे उपचार आहे आणि दुसरीकडे भाजणं. माझं काम या दोन टोकांच्या मधलं आहे.

म्हणून मशिन लावण्याआधीची तयारी मला मशिनपेक्षा महत्त्वाची वाटते. पहिला प्रश्न छातीत पेसमेकर बसवला आहे का, हा. असेल तर यंत्राच्या खोलीतही यायचं नाही. हाडात पट्टी, स्क्रू आहेत का? दिवस गेलेत का? गाठीचा, कर्करोगाचा उपचार चालू आहे का? कंबरेचा शेक असेल तर बायकांना हळूच विचारावं लागतं, तांबी बसवली आहे का? कितीकदा सासू बरोबर आलेली असते, तिच्यासमोर सून मान खाली घालते. मग मी काहीतरी निमित्त काढून सासूला बाहेर बसवते. खुर्ची आणि पलंग लाकडाचे. अंगावर धातू चालत नाही, कारण क्षेत्र धातूपाशी एकवटतं आणि तिथे कातडी भाजते. पैंजण, जोडवी, पाटल्या उतरवाव्या लागतात आणि मानेचा शेक असेल तर मंगळसूत्र. इथे हात थबकतो. माझ्या टेबलाच्या खणात हळदीत भिजवलेल्या पिवळ्या दोऱ्याचा गुंडा असतो. दोरा गळ्यात बांधला की मंगळसूत्र निर्धास्तपणे माझ्या हातात येतं. त्यावर मी कधी कुणाला व्याख्यान दिलेलं नाही. जिच्या गळ्यात ते असतं तिच्या मनाचा मान राखूनही सुरक्षित उपचार करता येतो.

शेवटी दोन काचेच्या नळ्या. एकीत गरम पाणी, दुसरीत गार. डोळे मिटायला सांगून एकेक नळी कातडीला लावायची आणि विचारायचं, गरम की गार? साखरेचा आजार जुना असेल तर पुष्कळांना हे सांगता येत नाही. त्यांना मी शेक देत नाही. गुडघ्याच्या आत मी काही तापमापक घातलेला नसतो. यंत्रावर आकडा असतो, पण आत किती पोचलं ते रुग्णाच्याच तोंडून कळतं. 'सुखाची ऊब लागली की सांगा, चटका वाटला तर लगेच सांगा,' हे माझं रोजचं वाक्य. ज्याच्या नसांना ऊबच कळत नाही, त्याच्यासाठी हे यंत्र आंधळं आहे.

आणि नेमकं इथेच रोज ओढाताण होते. "ताई, काय लागतच न्हाई बघा. वाढवा की जरा!" ज्वारीच्या काढणीतून आलेल्या मावशी असोत की भट्टीपुढे उभं आयुष्य गेलेले अण्णा, सगळ्यांची हीच मागणी. भट्टीची सवय झालेल्या माणसाला सुखाची ऊब म्हणजे काहीच नाही असं वाटतं. जास्त शेक म्हणजे जास्त गुण, हा त्यांचा साधा हिशेब. मी बटण वाढवत नाही. वीस मिनिटं होईपर्यंत शेजारी बसून व्यायाम समजावत राहते.

याच माणसांनी मला एक दिवस ग्रामसभेत उभं केलं. पंचक्रोशीतल्या एका गावात घराच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर येणार होता. विरोधाच्या अर्जावर सह्या झाल्या होत्या, अंगठे उमटले होते. त्यात 'वाढवा की' म्हणणाऱ्या कितीतरी जणांची नावं होती. कुणी म्हणालं, टॉवरनं कॅन्सर होतो. कुणी म्हणालं, चिमण्या गेल्या. एका तरुण आईनं मला थेट विचारलं, "ताई, तुमी लहरींचंच काम करता. माझं पोर त्या गच्चीखाली झोपतं. तुमीच सांगा." तिच्या आवाजातली काळजी खरी होती. अशा काळजीला अडाणीपणा म्हणणारी हुशार माणसं मला आवडत नाहीत. तिला उत्तर मिळायला हवं होतं.

मी तिला आकडे सांगितले, तिच्या ओळखीच्या गोष्टींशी जोडून. आपल्या देशात 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश केली आहे. 900 मेगाहर्ट्‌झला ती दर चौरस मीटरला 0.45 वॅट आहे, 1800 ला 0.92. खटावच्या भर दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरवर जवळपास 1000 वॅट पडतात. आपलं शरीर नुसतं बसलं असलं तरी दर किलोमागे वॅटभराहून थोडी जास्त उष्णता स्वतःच तयार करतं आणि घामातून, श्वासातून बाहेर टाकतं. फोनला डोक्याच्या एक ग्रॅम ऊतीमागे जी मर्यादा घातली आहे ती दर किलोला 1.6 वॅट या दराची आहे. आणि तुमच्या गुडघ्याला सुखाची ऊब लागावी म्हणून मी जी ऊर्जा देते, ती त्या जागी दर किलोला पन्नास वॅटच्या आणि त्याहूनही वरच्या दराची असते. शिवाय टॉवरचा अँटेना लहर आडवी, दूरवर फेकतो. थेट पायाखाली ती कमीच उतरते. अंतर दुप्पट झालं की जोर पावपट होतो.

एवढ्यावर माणसांचं समाधान होत नाही आणि होऊही नये. उष्णतेचं कळलं, पण त्याखेरीज काही होत असेल तर? हा प्रश्न मला सगळ्यात नेमका विचारला तो एका गलाईवाल्यानं. त्याच्या थोरल्या भावाच्या यकृतातली गाठ मोठ्या शहरातल्या रुग्णालयात मायक्रोवेव्हनं जाळली होती. सुईसारखा बारीक अँटेना गाठीत घालतात आणि त्याच्या टोकापाशी काही मिनिटं 50 ते 100 वॅट सोडतात. दोन-चार सेंटीमीटरचा गोळा 60 अंशांच्या वर जातो आणि त्यातल्या पेशी मरतात. तो म्हणाला, "ताई, लाट गाठ जाळती, मग गाठ करत कशी न्हाई?"

चांगल्या शिकलेल्या माणसांनाही हा प्रश्न असा मांडता आला नसता. गाठ होण्यासाठी पेशीच्या डीएनएत मोडतोड व्हावी लागते आणि ती मोडलेली पेशी जगावी लागते. क्ष-किरण डीएनएचे बंध तोडतात, उन्हातले अतिनील किरणही ते बिघडवू शकतात, कारण त्यांच्या एकेका कणात तेवढी ऊर्जा असते. बंध मोडायला तीन-चार इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. मायक्रोवेव्हच्या एका कणात एका इलेक्ट्रॉन व्होल्टचा सुमारे एक लाखावा भाग असतो. कण कितीही वाढले तरी प्रत्येकाची पोच तेवढीच. आमच्याकडच्या खोल विहिरीत हातभर लांबीच्या हजार दोऱ्या वेगवेगळ्या सोडल्या तरी एक घागर पाणी वर येत नाही, तसंच हे. खूप कण एकत्र आले तर ऊती तापते आणि फार तापली तर पेशी मरते. गाठ जळते ती त्यामुळे. मरणं आणि बिघडून वाढणं या पेशीच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "म्हंजी भट्टीचंच शास्त्र."

पण मी त्याला आणि ग्रामसभेलाही इथवर आणून सोडलं नाही. विज्ञानानं जे प्रश्न अजून मिटवलेले नाहीत तेही सांगायला हवेत. मे 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं या लहरींना 'कदाचित कर्ककारक' या गटात, म्हणजे 2 ब मध्ये ठेवलं. पुरावा मर्यादित आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही, असा त्याचा अर्थ. त्याआधी 2010 मध्ये 13 देशांतल्या इंटरफोन अभ्यासात एकंदर धोका वाढलेला दिसला नव्हता. सर्वांत जास्त बोलणाऱ्या गटात मेंदूच्या एका गाठीचं प्रमाण जास्त दिसलं, पण ते लोकांच्या आठवणीवर बेतलेलं असल्यानं अभ्यासकांनीच त्यावर ठाम निष्कर्ष काढला नाही. 2018 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात रोज नऊ तास, दोन वर्षं अंगभर लहरी घेतलेल्या नर उंदरांच्या हृदयात काही गाठी सापडल्या. तरी तेच उंदीर लहरी न घेतलेल्यांपेक्षा जास्त जगले. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं करवून घेतलेल्या आढाव्यात 22 देशांतले 63 अभ्यास तपासले गेले आणि मोबाइलचा वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. हे सगळं जसंच्या तसं सांगावं, असं माझं मत आहे. 'काहीच होत नाही' आणि 'सगळे मरणार' ही दोन्ही वाक्यं सोपी आहेत. माझ्याकडे विश्वासानं आलेल्या माणसाला मी त्यातलं कुठलंच देऊ शकत नाही.

ग्रामसभेत मी आग्रह धरला तो मोजण्याचा. दूरसंचार विभागानं 2017 मध्ये तरंग संचार नावाची सोय केली. आपल्या परिसरातले टॉवर कुठे आहेत आणि नियमांत बसतात का ते तिथे पाहता येतं. 4000 रुपये भरले तर विभागाची माणसं येऊन आपल्या जागी मोजणी करतात. टॉवर उभा राहिल्यावर गावानं वर्गणी काढून ही मोजणी करून घेतली. मोजणारे आले तेव्हा ती आई त्यांना आपल्या घरात घेऊन गेली आणि बाळ झोपतं ती जागा तिनं स्वतः दाखवली. आकडा मर्यादेच्या पुष्कळ खाली आला. तिचं भय एका दिवसात गेलं नाही, पण तिच्या हातात एक कागद आला. पुढे शंका आली तर पुन्हा मोजायला लावायचा हक्क आपल्याला आहे, हेही तिला कळलं. मला या घटनेत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे.

आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी सांगितली, आजही सांगते. टॉवर दूर असला की फोनला जास्त जोर लावावा लागतो. डोंगराआडच्या वाड्यावस्त्यांवर जिथे एकच काडी रेंज असते तिथे जुना 2 जी फोन कानाशी 2 वॅटपर्यंत झटके देऊ शकतो, सरासरी पाव वॅटपर्यंत. चांगली रेंज असली की तोच फोन याच्या कितीतरी कमी जोरावर चालतो. म्हणजे डोक्याला लागणारी लहर कमी हवी असेल तर कधी कधी टॉवर जवळ असणंच बरं. रेंज नसताना लांबलचक बोलू नका, स्पीकर लावा, रात्री फोन उशाखाली घेऊन झोपू नका. यातलं काहीही अवघड नाही. फोनमुळे पोरांची झोप उडते, मान वाकते, डोळे शिणतात, हे तर मी रोज तपासणीच्या टेबलावर पाहते आणि त्यासाठी कुठलीही लहर मोजावी लागत नाही.

अलीकडे माझ्या दवाखान्यात शेक कमी झाला आहे, व्यायाम वाढला आहे. गुडघ्याच्या झिजेला नुसत्या शेकानं तात्पुरतं बरं वाटतं. मांडीचे स्नायू बळकट झाले तर चालणं सुधारतं. औंधात हे सांगायला फार कष्ट पडत नाहीत. 1909 मध्ये गादीवर आलेले भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार नेले आणि 1938 मध्ये त्यांवर इंग्रजीत पुस्तकही काढलं. आमच्याकडची काही म्हातारी माणसं अजून ती लकब अंगात बाळगून आहेत. राबणारा स्नायू विश्रांतीच्या कित्येक पट उष्णता तयार करतो आणि रक्त ती ताबडतोब वाहून नेतं. नेमका जिथे हवा तिथे आणि सोसेल तेवढाच शेक शरीर स्वतः देतं.

तरी यंत्र मी विकलं नाही. आखडलेल्या खांद्याला ताण देण्याआधीची ती वीस मिनिटांची ऊब पुष्कळांना अजून उपयोगी पडते. यंत्रावर माझा विश्वास आहे आणि टॉवरबद्दलच्या प्रश्नांवरही. या दोन्हींत मला विसंगती दिसत नाही. जे माझं बटण वाढवायला सांगतात आणि टॉवरच्या अर्जावर अंगठाही उठवतात, त्या माझ्या माणसांना मी दोन्ही वेळा एकच सांगते. आधी विचारा, किती, कुठं आणि किती वेळ. उत्तर आकड्यात मागा. ते मिळाल्यावर भ्यायचं की नाही, ते ठरवा. हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, आणि तो विचारणाऱ्या माणसाला उत्तर देणं हे माझ्यासारख्या प्रत्येक शिकलेल्या माणसाचं देणं आहे.